बॅरन आणि नारकोंडम: अंदमानच्या पूर्वेची दोन ज्वालामुखी बेटं

अंदमानला जाऊन आलेल्या मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवतं, राधानगरचा किनारा आठवतो. पण 'तिथे ते ज्वालामुखीचं बेट आहे ना, त्याचं नाव काय?' असं विचारलं की बॅरन आणि नारकोंडमची सरमिसळ ठरलेली. स्पर्धा परीक्षेच्या तयारीतही एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर सहज जाते. लक्षात ठेवायचं असेल तर इतकंच ठेवा: बॅरन जागृत आहे, नारकोंडम निद्रिस्त. मात्र तेवढ्यावर थांबलं तर दोन्ही बेटांवर अन्याय होईल.

दोघांचं मूळ एकच. अंदमानच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली सरकतो. खोल गेल्यावर त्यातलं पाणी वरच्या प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या खडकाच्या थरात, शिरतं, तिथला खडक त्यामुळे वितळतो आणि तो शिलारस वाट काढत वर येतो. म्यानमारमधला पोपा, मग नारकोंडम, मग बॅरन आणि पुढे सुमात्रा अशी ही ज्वालामुखींची रांग आहे. आपल्या दोन बेटांमध्ये साधारण 135 किलोमीटर समुद्र आहे.

बॅरन पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला, जवळपास 140 किलोमीटरवर. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि साडेतीनशे मीटर उंच, पण हे नुसतं डोकं. पर्वताचा पायथा दोन हजार मीटरहून खोल समुद्रतळावर आहे. मधोमध सुमारे दोन किलोमीटर व्यासाचं जुनं विवर, त्याची भिंत पश्चिमेकडे फुटलेली आणि आत राखेचा नवा शंकू. लाव्हा वाहू लागला की त्याच खिंडारातून समुद्र गाठतो. 1787 मधला उद्रेक हा नोंदवलेला पहिला. एकोणिसाव्या शतकात बॅरन निजला तो थेट 1991 मध्ये उठला, आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा धुमसत राहिला आहे.

23 जानेवारी 2017 ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधू संकल्प' जहाजावरून या बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने गोळा करत होते. अचानक शंकूतून राख उडू लागली. जहाज बेटापासून मैलभर अंतरावर नेऊन त्यांनी नीट पाहिलं: पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक. दिवसा दिसत होते फक्त राखेचे ढग. सूर्य मावळल्यावर मात्र विवरातून उसळणारी लाल कारंजी आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा स्पष्ट दिसू लागला. दिवसाउजेडी जे नुसतं धुरकट वाटतं, ते प्रत्यक्षात काय असतं हे समजून घ्यायला याहून चांगलं वर्णन मला माहीत नाही.

नारकोंडम बॅरनच्या उत्तरेला, उत्तर अंदमानपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेकडे. उंची 710 मीटर, म्हणजे बॅरनच्या दुप्पट; क्षेत्रफळ मात्र सातेक चौरस किलोमीटरच. इथला खडक मुख्यतः अँडेसाइट आणि डेसाइट, तर बॅरनचा बराचसा बेसॉल्ट, सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या जातीचा. अर्थात सह्याद्रीचा उगम निराळा. नारकोंडमच्या उद्रेकाची ऐतिहासिक नोंद नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गच्च जंगल आहे आणि त्यात नारकोंडम धनेश (हॉर्नबिल) हा पक्षी राहतो, जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादी काळी. हा पक्षी मोठ्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो, म्हणून तिथलं एकेक जुनं झाड मोलाचं.

नावांनी गोंधळात भर घातली आहे. इंग्रजांनी 'बॅरन' म्हणजे ओसाड असं नाव दिलं. खिंडाराच्या बाजूने, काळ्या लाव्ह्याकडे पाहिलं तर ते पटतं. बाहेरच्या उतारांवर मात्र हिरवळ आहे आणि पूर्वी सोडलेल्या शेळ्यांची प्रजाही तिथे रानटी होऊन टिकली. नारकोंडम हे नाव 'नरककुंडम'वरून आलं असावं असा जुना तर्क आहे. नरकाचं कुंड शांत, हिरव्या बेटावर कसं? म्हणून एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना शंका येत आली की हे नाव मुळात धुमसणाऱ्या बॅरनचं असावं आणि नकाशांवर ते शेजारच्या बेटाकडे गेलं असावं. मला हा तर्क पटण्याजोगा वाटतो, पण तो तर्कच आहे. परीक्षेत सिद्ध गोष्ट म्हणून लिहू नये.

पाहायला जायचं तर बॅरनभोवती बोटीने फेरी मारता येते, परवानगी घेऊन. बेटावर उतरता येत नाही. नारकोंडमवर पोलिसांची चौकी आहे, पर्यटन नाही. तिथे तटरक्षक दलाचं रडार उभारण्याचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाने धनेशासाठी 2012 मध्ये नाकारला होता, 2014 मध्ये मंजूर केला. म्यानमारची सीमा जवळ आहे, टेहळणीची गरज खरी आहे. तरीही सात चौरस किलोमीटरवर एका पक्ष्याचं सगळं जग असताना तिथे रस्ता आणि इमारती नेताना एकही मोठं झाड सहज तोडलं जाऊ नये.