कातरलेले अक्षर आणि स्टेन्सिलचे अक्षर

जाड कागदावर शिरोरेखेसह 'प' काढून कटरने त्याच्या कडा कापल्या, की हाती दोन वस्तू आल्यासारखे वाटते: एक सुटा 'प' आणि 'प'च्या आकाराचे भोक पडलेला कागद. अक्षर सजावटीसाठी चिकटवावे आणि उरलेला कागद स्टेन्सिल म्हणून वापरावा, हा विचार त्यातूनच येतो. नीट पाहिले तर वस्तू दोन नसून तीन असतात. 'प'च्या पोटातला कागदाचा तुकडा केव्हाच निसटून टेबलावर पडलेला असतो, आणि त्याच्याविना त्या भोकातून रंग लावला तर 'प' न उमटता एक भरीव ठोकळा उमटतो.

कातरलेल्या अक्षरात अक्षर म्हणजे उरलेला कागद, म्हणून अक्षराचा प्रत्येक भाग दुसऱ्याला जोडलेला हवा. स्टेन्सिलमध्ये अक्षर म्हणजे काढून टाकलेला कागद, म्हणून तेथे अक्षराभोवतीची आणि अक्षराच्या पोटातली जागा सलग राहायला हवी. चिनी कागदकामात या दोन पद्धतींना यांग आणि यिन अशी नावे आहेत. यांगमध्ये ठेवलेल्या रेषा एकमेकींना जोडलेल्या असाव्यात आणि यिनमध्ये कापलेल्या रेषा एकमेकींपासून तुटलेल्या असाव्यात, असा त्या कारागिरांचा दंडक आहे. पेन्सिलीने काढलेले चित्र एकच असले, तरी या दोन अटी परस्परांच्या उलट असल्यामुळे एका कामाचा आराखडा दुसऱ्याला क्वचितच चालतो.

देवनागरी ही कातरकामासाठी फार सोयीची लिपी आहे, कारण शिरोरेखा अख्खा शब्द एका पट्टीवर टांगून ठेवते. 'ग', 'ण' आणि 'श' यांचे डावे भाग कान्याला, म्हणजे उजवीकडच्या उभ्या रेषेला, कोठेच टेकत नाहीत. शिरोरेखा नसती तर ही अक्षरे कापताच दुभंगली असती. त्यामुळे शिरोरेखा काढताना ती लेखणीच्या रेषेपेक्षा बरीच जाड ठेवावी, कारण सगळा भार तिच्यावर असतो. खरी अडचण अनुस्वाराची आणि चंद्रबिंदूची. टिंबाला आधार नसतो, म्हणून ते खाली ओढून बारीक देठाने शिरोरेखेला जोडावे लागते किंवा शब्दाभोवती चौकट घेऊन तिला टेकवावे लागते. देठाची कल्पना मला अधिक पसंत आहे, कारण त्याला कळीचा आकार देता येतो आणि जोड हा जोड वाटत नाही. उकार आणि रफार जेथे चिकटतात ती जागा फाटण्याची असते. तेथे किमान तीन मिलिमीटर कागद असू द्यावा.

स्टेन्सिलमध्ये हीच शिरोरेखा वैरी होते. 'प', 'म', 'स', 'घ' या अक्षरांची पोटे वरून तिनेच बंद होतात आणि कागदाची बेटे तयार होतात. 'व', 'ब', 'क', 'ठ' यांची पोटे तर शिरोरेखेवाचूनही बंदच असतात. बेटे गळून पडली की केवळ देखणेपणा जात नाही, अक्षराची ओळखही जाते: 'व' आणि 'ब' यांच्यातला फरक पोटातल्या तिरक्या रेषेचा असल्याने पोट भरले की दोन्ही एकसारखी दिसतात, आणि 'प' व 'ष' यांचीही तीच गत होते. अनुस्वार मात्र येथे अगदी बिनत्रासाचा, कारण ते नुसते एक गोल भोक असते.

बेटे टिकवण्यासाठी कागदाचे अरुंद दुवे ठेवतात. दुवे प्रत्येक अक्षराला वेगवेगळे शोधत बसण्याऐवजी शिरोरेखा आणि तिच्याखालची अक्षरे यांच्यामध्ये शब्दभर एक सलग पट्टी राखली, तर 'प', 'म', 'स', 'घ' यांची पोटे एका झटक्यात बाहेरच्या कागदाला जोडली जातात. मग शिरोरेखेची फट लांबलचक होते आणि तिच्या कडा रंग लावताना उचलल्या जातात, म्हणून तीही मध्ये मध्ये तोडावी. 'व' आणि 'ब' यांना तरीही स्वतःचे दुवे लागतातच. ते गोलाई कान्याला मिळते त्या सांध्यापाशी ठेवले की डोळ्यांना खटकत नाहीत. रोमन लिपीत ए, बी, डी, ओ, पी, आर ही मोठी अक्षरे अशीच बेटे सांभाळतात, आणि तेथे हे तुटलेपणच शैली बनले: १९३७ मध्ये अमेरिकेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी स्टेन्सिल वळणाचे छपाईचे टाइप बाजारात आणले. दुवे मुळीच दिसू नयेत अशी इच्छा असेल तर जपानी कातागामीचा मार्ग आहे. कापड रंगवण्याच्या या कागदी साच्यांमध्ये सुट्या भागांना रेशमाच्या बारीक धाग्यांनी धरून ठेवत, आणि धागे इतके तलम असत की रंग त्यांच्याखालूनही पसरे.

कागदाची निवडही त्यामुळे बदलते. चिकटवायच्या अक्षराला १२० ते १६० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो, आणि आकृती मागच्या बाजूला उलटी काढली की पेन्सिलीच्या खुणा समोर दिसत नाहीत. स्टेन्सिलवर ओला रंग वारंवार लागतो, त्यामुळे जाड कार्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकची शीट घ्यावी, आणि स्पंजवर रंग अगदी थोडा घेऊन वरून टिपावा. ब्रश आडवा ओढला तर रंग दुव्याखाली शिरतो. दोन्हींत पोटातले भाग आधी आणि बाहेरची कड शेवटी कापावी.

नक्षीदार अक्षरात मात्र दोन्ही नियम एकाच कागदावर येतात. मोठ्या 'अ'च्या अंगात पाने, वेली, ठिपके कोरायचे असतील, तर बाहेरून ते कातरलेले अक्षर असते आणि आतून स्टेन्सिल. पानाची पूर्ण कड कापली की पानच निघून जाते. पानातल्या शिरा दाखवायच्या असतील तर प्रत्येक शीर कागदाची ठेवून तिच्या दोन्ही बाजूंच्या फाका काढाव्या लागतात, आणि मधल्या शिरेचे टोक देठाशी न तोडता अक्षराच्या अंगाला जोडलेले ठेवावे लागते.