मुलांमधील दुर्बिणीद्वारे आंत्रपुच्छ शस्त्रक्रिया : जखमेतील संसर्गाचा प्रतिबंध

सुजलेले आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, दुर्बिणीतून काढल्यावर पोटावरची छिद्रे पिकू नयेत यासाठी घेतली जाणारी काळजी. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत त्या जागी पू झाला, तर तो सर्वसाधारणपणे शस्त्रक्रियेचा संसर्ग धरतात.

आंत्रपुच्छ काढल्याची पहिली ज्ञात नोंद १७३५ सालची, लंडनच्या क्लॉडियस अमयंड यांची. रुग्ण ११ वर्षांचा मुलगा होता. दुर्बिणीतून ते प्रथम काढले जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी, १९८० मध्ये. उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा या पद्धतीत जखम पिकण्याचे प्रमाण कमी असते, कारण दूषित अवयव कापलेल्या स्नायू-चरबीला घासत बाहेर येत नाही. किमान येऊ नये. घोळ होतो तो बेंबीपाशी. बहुधा दुर्बीण तिथूनच आत जाते आणि आंत्रपुच्छही तिथूनच बाहेर पडते, म्हणून पिकते तेही बहुतेकदा तेच छिद्र. आंत्रपुच्छ छिद्रात बसवलेल्या नळीच्या आतून ओढून घेणे किंवा पिशवीत घालून काढणे हा त्यावरचा साधा उपाय. तयार पिशवी महाग पडते, म्हणून निर्जंतुक हातमोजा कापून त्याची पिशवी करतात, तीही चालते.

आपल्याकडे लहान मुलांच्या बेंबीत तेल घालायची सवय आहे. त्यात मळ धरतो. भूल दिल्यावर बेंबी उलगडून, खोल घडीतला मळ काढून मगच जंतुनाशक लावावे. वरवर बोळा फिरवून भागत नाही.

प्रतिजैविकाची वेळ महत्त्वाची. वजनानुसार ठरवलेली मात्रा चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून जावी. आतड्यातले ई. कोलाय आणि प्राणवायूविना वाढणारे बॅक्टेरॉइड्स या दोन्ही जंतूंना आवर घालायचा असल्याने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या जोडीला मेट्रोनिडॅझोल देण्याची पद्धत रूढ आहे. आंत्रपुच्छ फुटलेले नसेल, तर नंतर औषध चालू ठेवण्याने फायदा होत नाही. तरी घरी जाताना पाच दिवसांचे सिरप लिहून दिले जाते. त्यात जखमेपेक्षा डॉक्टर-पालकांच्या धास्तीचा भाग अधिक असावा. फुटलेले असेल, तर मात्र काही दिवस औषध लागतेच. पाच वर्षांखालील मुलांना नेमके कुठे दुखते ते सांगता येत नाही, त्यामुळे बरीचशी येतात ती फुटलेल्या अवस्थेतच. अशा वेळी पोट सलाइनने धुवावे की पू नुसता ओढून घ्यावा? अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या बालशल्यचिकित्सकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत धुण्याचा जादा फायदा आढळला नाही.

भारतात आणखी एक त्रास दिसतो. टाके सुकतात, मूल शाळेत जाऊ लागते आणि तीन-चार आठवड्यांनी छिद्रापाशी गाठ येऊन पाणी झरू लागते. नेहमीच्या औषधांनी ते थांबत नाही. क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी, पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया याला कारण असतात. उपकरणे न उघडता ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावात थोडा वेळ बुडवून नळाच्या पाण्याने धुतली, की ते फटींत टिकून राहतात. उपकरण सुटे करून घासणे आणि वाफेने निर्जंतुक करणे, जे वाफेत चालत नाही ते इथिलीन ऑक्साइड वायूने, हाच त्यावरचा खात्रीचा बंदोबस्त.

घरी जखम कोरडी ठेवावी; हळद, राख, तूप काही लावू नये. लाली, ठणका किंवा पू दिसल्यास टाका उघडून निचरा करावा लागतो. छिद्रे कोरडी असूनही ताप चढू लागला, पोट दुखू लागले, सारखी शौचाची भावना होऊ लागली, तर पू आत, ओटीपोटात साचला असण्याची शक्यता असते. तेव्हा सोनोग्राफी करून घ्यावी.