सरावाची छावणी की मुक्कामाची?

रोमन छावणीचा नकाशा सगळीकडे ठरलेला: कोपरे गोल केलेला चौकोन, भोवती चर, चरातली माती आतल्या बाजूला टाकून घातलेला बांध आणि जाण्यायेण्याला दरवाजे. मोहिमेवरचं सैन्य एका रात्रीसाठीसुद्धा एवढा खटाटोप करायचं. आणि किल्ल्यातली शिबंदी हात बसावा म्हणून जवळच्या माळावर हेच खणत बसायची. आज गवताखाली दोन्हींचे बांध सारखेच दिसतात.

आधी आकार बघावा. स्कॉटलंडमधल्या किंटोरची मुक्कामाची छावणी सुमारे ११० एकरांची. उलट वेल्समध्ये कास्टेल कॉलेन किल्ल्याजवळ, लँडरिंडॉड वेल्स गावाच्या माळावर १८ छोट्या छावण्यांची नोंद आहे. त्यांची बाजू साधारण ३० मीटर, म्हणजे अवघा नऊ गुंठ्यांचा मामला. एवढ्यात सैन्य झोपणार कुठे? आणि किल्ला जवळच असताना बाहेर झोपायचंच कशाला?

खरी गोम कोपऱ्यांत आहे. सरळ बांध कुणीही घालेल. वळणावर चर सारखा ठेवायचा, ओली माती ढासळू द्यायची नाही, दरवाजाशी बांध आत वळवून आडोसा करायचा, यात कस लागतो. आपल्याकडेही मिस्त्री कोपरा स्वतः धरतो आणि मधली भिंत शिकाऊ पोराकडे सोडतो. सरावाच्या छावण्यांत ही मधली भिंत जवळजवळ नसतेच. एक कोपरा संपला की दरवाजा, दरवाजा संपला की पुढचा कोपरा. अवघड तेवढं गिरवायचं, सोपं वगळायचं.

मग राख. किंटोरला जमिनीत खणलेल्या शंभराहून जास्त भाकरीच्या भट्ट्या सापडल्या. सरावाच्या जागी असा संसार नसतो. पण एकाच रात्रीचा मुक्कामही फारसं मागे ठेवत नाही, त्यामुळे ‘आत काही नाही, म्हणजे सरावाची’ हा निकाल मला घाईचा वाटतो.

अशी चूक झालीही आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या कॉथॉर्नचे बांध १९२०च्या दशकातल्या उत्खननानंतर बराच काळ सरावाचे समजले जात होते. आता त्यांतले दोन चक्क किल्ले मानले जातात.

सराव कसा चाले याचा एक पुरावा मात्र दगडावरच कोरलेला आहे. इ.स. १२८ मध्ये सम्राट हेड्रियनने आजच्या अल्जीरियातल्या लांबेसिसला सैन्याच्या कवायती पाहिल्या आणि तिथलं त्याचं भाषण नंतर कोरून ठेवलं गेलं. एका तुकडीचं तो कौतुक करतो: इतरांना कित्येक दिवस लागतात ते तटबंदीचं काम तुम्ही एका दिवसात उरकलं, कठीण खडीत सरळ चर खणला. काम पसंत पडल्यावर ती माणसं झटपट छावणीत शिरली, जेवली, शस्त्रं उचलली आणि आपल्या घोडेस्वारांमागे बाहेर पडली.