मुंबईतील इतिहास-फेऱ्यांची पार्श्वभूमी

मुंबईत सुटीच्या सकाळी फोर्ट किंवा गिरगावात जे हेरिटेज वॉक निघतात, त्यांचे मूळ पर्यटनापेक्षा पाडकामाच्या धास्तीत अधिक आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला, त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत फोर्टचा तट आणि त्याचे दरवाजे पाडले जात होते. जुने शहर डोळ्यांदेखत नाहीसे होत असताना त्याची नोंद मराठीत झाली, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९९५ चा. त्या वर्षी राज्य शासनाने बृहन्मुंबईसाठी वारसा-जतन नियमावली लागू केली आणि इमारतींना श्रेणी मिळाल्या. परंतु श्रेणी कागदावर राहते, ती रहिवाशांना पटवून द्यावी लागते. वास्तुविशारदांनी सुरू केलेल्या पायी फेऱ्यांना आणि १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवातील वारसा-फेऱ्यांना जो प्रतिसाद मिळाला, तो या गरजेतून. सुरुवातीचा भर मात्र कमानी, घुमट आणि शैली यांवर, आणि तोही बहुधा इंग्रजीतून होता.

त्यात संवाद आला तो प्रश्नांमुळे. हुतात्मा चौकात उभे राहून ‘चर्चगेट कुठे आहे?’ असे विचारले, की सगळे हात पश्चिमेला, स्थानकाकडे जातात. १७१८ मध्ये खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तटाचा दरवाजा याच परिसरात होता आणि १८६४ चे फ्लोरा फाउंटन त्याच्या जागेपाशी उभे राहिले, हे त्यानंतर सांगितले तर श्रोता ते विसरत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबारही इथलाच. घोळक्यातील एखाद्याने घरी ऐकलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाच्या आठवणी काढल्या, तर निवेदकाने आपले टिपण मिटून त्याला बोलू द्यावे. (श्रोत्यांना मध्येच गजरात ओढणाऱ्या कीर्तनकाराची सवय असलेल्या मराठी माणसाला ही रीत अनोळखी नाही.)

गिरणगावात ही रीत चैन नसून गरज आहे. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी मनोरे आणि मॉल उभे राहिल्यामुळे दाखवायला एखादी चिमणी, एखादी चाळ आणि गल्लीच्या तोंडावरचा मंडळाचा फलक एवढेच उरते. बाकीचा इतिहास, म्हणजे पाळ्या, खानावळी, शाहिरांचे कार्यक्रम आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप, हा माणसांच्या तोंडी आहे. संपाच्या वेळी विशीत असलेला कामगारही आता साठीपुढे गेला आहे, तेव्हा या भागातील फेरीला निवेदकाइतकाच ध्वनिमुद्रण करणारा सोबती हवा.