आधी शेपूट बघा: स्कॉटलंडचं रानमांजर आणि शेतावरचं पट्टेरी मांजर

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँडमध्ये, स्ट्रॅथस्पेच्या खोऱ्यात दिवस मावळताना एखादं मांजर रस्ता ओलांडून गेलं की गाडीत एकच प्रश्न उठतो: हे रानमांजर होतं की कुणाच्या तरी शेतावरचं? करड्या-तपकिरी अंगावर काळे पट्टे एवढंच डोळ्यांत भरतं आणि तोवर ते तारेच्या कुंपणाखालून पलीकडच्या गवतात गडप होतं. अशा वेळी मी एवढंच विचारते, शेपूट पाहिलंत का?

रानमांजराचं शेपूट मुसळासारखं असतं. बुंध्यापासून टोकापर्यंत जाड, झुबकेदार, आणि शेवटी बोथट, जणू कुणी कात्रीने सरळ छाटलंय. टोक काळंभोर. त्याच्या आधी जाड काळी कडी, एकमेकींपासून सुटी, बांगड्यांसारखी पूर्ण गोल फिरलेली. पाळीव पट्टेरी मांजराचं शेपूट निमुळतं होत जातं, कडी अर्धवट किंवा पुसट असतात, आणि पाठीवरची काळी रेघ शेपटीवरून पुढे धावत सगळ्या कड्यांना एकत्र बांधून टाकते. खरी मेख याच रेघेत आहे. रानमांजराच्या पाठीवरही कण्यालगत काळी रेघ असते, पण ती शेपटीच्या मुळाशी थांबते. पाठमोरं मांजर दोन क्षण जरी नीट दिसलं तरी ही रेघ थांबली की पुढे गेली, हे कळतं. आणि रानमांजर बहुधा पाठमोरंच दिसतं!

बाकीच्या खुणांना जरा निवांत वेळ, नाहीतर चांगला फोटो लागतो. मानेवर, कानांच्या मागून खाली उतरणारे चार जाड, नागमोडी पट्टे, एकमेकांत न मिसळणारे. खांद्यांवर दोन जाड पट्टे. कुशीवरचे उभे पट्टे सलग. तुटून त्यांचे ठिपके झालेले नसतात, झालेच तर थोडेसे. पाळीव मांजरांत ज्यांच्या अंगावर माशाच्या काट्यासारखे उभे पट्टे असतात, तीच रानमांजरासारखी भासतात. त्यांचे पट्टे बारीक आणि जागोजागी तुटलेले असतात. ज्यांच्या कुशीवर भोवऱ्यासारखे रुंद, वळणदार डाग असतात त्यांच्याबद्दल शंकाच नको, ती पाळीव वंशाची. पंजे पांढरे दिसले, जणू मोजे घातलेत, तरीही तेच. निदान त्या अंगात पाळीव रक्त आहे.

आकारावर मात्र अजिबात विसंबू नये. ‘हायलँडचा वाघ’ या टोपणनावामुळे लोकांना वाटतं, रानमांजर म्हणजे बिबट्याचं धाकटं भावंड असणार. खरं तर नर साधारण चार ते सात किलोंचा, मादी त्याहून हलकी. शेतावर दूधभातावर पोसलेला बोका याहून वजनदार सहज निघतो. थंडीत रानमांजराच्या अंगावर दाट लव येते, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. रागीटपणाही खूण म्हणून कामाचा नाही. माणसाची सवय नसलेलं भटकं मांजरही कोपऱ्यात सापडलं की तितकंच फिस्कारतं.

इथे आपल्या मराठी शब्दाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. महाराष्ट्रात आपण ज्याला रानमांजर किंवा बाऊल म्हणतो, ते उसाच्या फडाशी आणि माळावर दिसणारं लांब तंगड्यांचं, आखूड शेपटीचं मांजर वेगळ्या जातीचं आहे. स्कॉटलंडचं रानमांजर ही युरोपातली जात, शास्त्रीय नाव फेलिस सिल्व्हेस्ट्रिस. घरातल्या मांजराचं मूळ मात्र तिसरीकडेच, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या फेलिस लिबिका या जातीत. राजस्थान-कच्छच्या कोरड्या मुलखातलं वाळवंटी मांजर याच जातीतलं. म्हणजे नात्याने बघायचं तर एडिनबरामध्ये कोचावर झोपलेली मनी, तिथून तीन तासांवरच्या जंगलातल्या रानमांजरापेक्षा कच्छच्या मांजराला जास्त जवळची. दिसण्याने मात्र ती रानमांजराची बहीण वाटते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हा घोळ फक्त आपल्या नजरेचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. तो खुद्द मांजरांचाही आहे. रानमांजर आणि पाळीव मांजर यांचा समागम होतो, पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. स्कॉटलंडमध्ये एक जात दुसरीत विरघळत चालली आहे.

ब्रिटनमध्ये पाळीव मांजर येऊन दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. रोमन यायच्या आधीपासून ते इथे आहे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं, की एवढा प्रदीर्घ काळ या दोन जाती शेजारी राहूनही फारशा मिसळल्या नव्हत्या. स्कॉटलंडमध्ये संकर झपाट्याने वाढला तो १९५०च्या दशकानंतर. कारण साधं आणि दुःखद आहे: रानमांजरं इतकी थोडी उरली, की माजावर आलेल्या मादीला आपल्या जातीचा नरच सापडेना. जानेवारी ते मार्च हा त्यांच्या विणीआधीचा काळ. त्या दिवसांत दऱ्याच्या दऱ्या धुंडाळूनही भेटतो तो शेतावरचा बोका.

ती थोडी कशी उरली, तर जंगल तुटलं आणि बंदुका आल्या. एकोणिसाव्या शतकात हायलँडमध्ये शिकारीच्या मोठमोठ्या जहागिरी उभ्या राहिल्या आणि ग्राउज पक्षी राखण्यासाठी नेमलेल्या रखवालदारांनी दात-नखांचं जे दिसेल ते मारलं. ग्लेनगॅरी जहागिरीची १८३७ ते १८४० या वर्षांची एक यादी प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या आकड्यांबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तरी मला ती वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. मारलेली रानमांजरं १९८ आणि घरमांजरं ७८, अशा दोन स्वतंत्र नोंदी तिच्यात आहेत. जो त्यांना संपवायला निघाला होता, त्याच्या लेखी ही दोन वेगळी जनावरं होती. आज वाचवायला निघालेल्यांना तोच फरक ठरवण्यासाठी रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रानमांजर वायव्य हायलँडच्या कोपऱ्यात उरलं होतं. इंग्लंड आणि वेल्समधून ते आधीच गेलं होतं. युद्धावर गेलेले कितीतरी रखवालदार परत आले नाहीत, दाब कमी झाला, मांजरं पुन्हा थोडी पसरली. ग्लासगो-एडिनबराचा दाट वस्तीचा पट्टा मात्र त्यांना कधीच ओलांडता आला नाही. कायद्याचं संरक्षण मिळालं १९८८ साली. पण संरक्षण रानमांजराला होतं, भटक्या मांजराला नव्हतं. रात्री विजेरीच्या झोतात बंदूक रोखलेल्या माणसाने शेपटीचं टोक बोथट आहे की निमुळतं, हे कसं ठरवायचं?

म्हणूनच खुणांची मोजपट्टी तयार करणं भाग पडलं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयातले अँड्र्यू किचनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली कातडीवरच्या सात खुणा निवडल्या: पाठीची रेघ, शेपटीचं टोक, शेपटीवरची कडी, कुशीवरचे तुटके पट्टे, कुशीवरचे ठिपके, मानेचे पट्टे, खांद्यांचे पट्टे. प्रत्येक खुणेला एक ते तीन गुण. पैकीच्या पैकी म्हणजे २१. कडक हिशेबाने १९ किंवा त्याहून जास्त मिळाले तर रानमांजर; प्रत्यक्ष रानात काम करताना १७पर्यंत सवलत देतात. मला ही पद्धत आवडते, कारण ती प्रामाणिक आहे. ‘हे की ते’ असं विचारून तिथे उत्तर मिळत नाही, ‘किती’ असंच विचारावं लागतं. गुण भरपूर मिळूनही जनुकांत पाळीव अंश निघालेली मांजरं आहेत.

आणि दोन्हींत न बसणारीही. १९८४ साली मोरे भागातल्या केलस गावाजवळ फासात एक मोठं, काळंकुळकुळीत, लांब पायांचं मांजर सापडलं. काहींना ती नवीच जात वाटली. तपासणीत निघाला तो संकर. त्या धर्तीच्या काळ्या मांजरांना आजही ‘केलस कॅट’ म्हणतात.

२०१९ साली तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट सांगितलं, की रानात उरलेली संख्या आता स्वतःच्या बळावर टिकणार नाही. त्यानंतर स्कॉटलंडच्या रॉयल झूलॉजिकल सोसायटीच्या पुढाकाराने ‘सेव्हिंग वाइल्डकॅट्स’ हा प्रकल्प उभा राहिला. किनक्रेगजवळच्या हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये, पाहुण्यांच्या नजरेआड, माणसाची सवय लागू न देता पिल्लं वाढवली जातात. २०२३च्या उन्हाळ्यात त्यांतली १९ मांजरं हायलँडमधल्या केअर्नगॉर्म्स या डोंगराळ भागात सोडली. पार्कमध्ये लोकांना बघण्यासाठी वेगळी रानमांजरं आहेत. रानात जायच्या आधी त्यांच्यासमोर अर्धा तास नुसतं उभं राहावं, अशी माझी कळकळीची विनंती. ते शेपूट एकदा डोळ्यांत बसलं की पुन्हा सहसा चूक होत नाही.

जिथे मांजरं सोडली, त्या परिसरातल्या भटक्या मांजरांना पकडून, नसबंदी आणि लसीकरण करून परत सोडतात. हे बोक्यांशी वैर नाही. मांजरांमधला ल्युकेमिया आणि फ्लू दोन्ही जातींना मारतो, आणि नसबंदी झालेला बोका जानेवारीत रानमांजराच्या मादीमागे लागत नाही. केअर्नगॉर्म्समध्ये राहणाऱ्यांनी आपल्या मांजराची नसबंदी करून घेतली, चिप बसवली, तर या जातीसाठी त्याहून मोठी मदत सामान्य माणसाच्या हातात नाही.

क्लॅन चॅटन या जुन्या कुळसंघाचं बोधवाक्य सांगतं, हातमोज्यावाचून मांजराला हात लावू नका. मॅकिन्टॉश घराण्याच्या चिन्हावर आजही रानमांजर आहे. उत्तर हायलँडमधल्या सदरलँड या भागाचं गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतलं, नावसुद्धा मांजरावरून आलेलं. ज्या मुलखाने स्वतःची ओळख या जनावराच्या नावाने सांगितली, तिथे ते ओळखता येणारी माणसं असायलाच हवीत.

तुम्हाला दिसलंच तर पाठलाग करू नका. जमलं तर पाठीकडून आणि बाजूने फोटो घ्या, जागा आणि वेळ टिपून ठेवा, आणि प्रकल्पाला कळवा. ते अशा नोंदी घेतात. गळ्यात जाडसर पट्टा दिसला तर पाळीव समजून सोडून देऊ नका: सोडलेल्या रानमांजरांना माग काढणाऱ्या जीपीएस कॉलर घातलेल्या आहेत. २०२४ साली या मांजरांना रानातच पिल्लं झाली. त्या पिल्लांच्या गळ्यात जन्मतः काहीच नव्हतं. त्यांची ओळख पटवायला होती ती फक्त अंगावरची सात चिन्हं, आणि पाठीवरून उतरून शेपटीच्या मुळाशी थांबणारी ती रेघ.