जुना डेस्कटॉप, नवी ऑपरेटिंग सिस्टिम

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी धाकट्या भावाचे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. तेथील डेस्कटॉप २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. सातबारा काढणे, पीकविम्याचे अर्ज भरणे ही कामे तो आजही करतो. त्यावरील विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तेव्हा चालते मशीन बदलायचे कशासाठी, असा भावाचा रास्त प्रश्न होता.

आधार थांबला म्हणून संगणक बंद पडत नाही. थांबते ती सुरक्षेतील दोषांची दुरुस्ती. धोका असा की नव्या आवृत्तीतील एखादा दोष दुरुस्त झाला की ती दुरुस्ती तपासूनच हल्लेखोराला दोषाची जागा कळते, आणि दोन्ही आवृत्त्यांत बराच भाग सामाईक असल्याने जुन्या आवृत्तीत ते दार उघडेच राहते. नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ आहे, पण ती तात्पुरती सोय झाली. ज्या संगणकावर गावकऱ्यांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती येतात, तो असा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

२०२१ साली आलेली विंडोज ११ मात्र या मशीनला स्वीकारत नाही. तिला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; शिवाय गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी टीपीएम २.० ही सोय आणि सुरू होणारा प्रोग्रॅम अधिकृत आहे की नाही हे आधी तपासणारी सिक्युअर बूट ही व्यवस्था लागते. या अटी चुकवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर आहेत, परंतु अशा मशीनला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच अनिश्चित राहते. म्हणून आम्ही लिनक्स मिंट ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम निवडली. ती विनामूल्य आहे आणि ४ जीबी रॅमवर नीट चालते. अंगठा घेण्याच्या यंत्राचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठीच असल्याने ते काम भावाच्या नव्या लॅपटॉपवर नेले. दुकानदारांनी ही चौकशी सर्वांत आधी करावी.

नवी सिस्टिम टाकली तरी जुने मशीन रेंगाळते, याचे कारण बहुधा प्रोसेसर नसून हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. ते टोक योग्य कड्यावर सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे वाचून होतात, आणि सिस्टिम सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसते. तिचा विलंब मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. जुन्या डेस्कटॉपवर करायचा एकच खर्च निवडायचा असेल तर तो एसएसडीचा करावा, असे मी ठामपणे सांगेन.

आम्ही जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली आणि रिकाम्या एसएसडीवर सिस्टिम टाकायला घेतली. हे किती शहाणपणाचे ठरले ते लगेच कळले, कारण निम्म्या फाइली उतरल्या असताना लाइन गेली आणि यूपीएसची थकलेली बॅटरी दोन मिनिटेही टिकली नाही. अर्धवट उतरलेली सिस्टिम सुरू झाली नाही, परंतु जुना डेटा वेगळ्या डिस्कवर सुरक्षित होता. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर काम पूर्ण झाले. संगणक सुरू करणारा, मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला बायोस हा प्रोग्रॅम अपडेट करताना वीज गेली तर याहून वाईट घडते. चिपवरील मजकूर अर्धाच लिहिला जातो आणि मदरबोर्ड सुरूच होईनासा होऊ शकतो.

नवी सिस्टिम सुरू झाली, तरी एकही संकेतस्थळ उघडेना. घड्याळ २०१४ साल दाखवत होते! मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ सेल संपला होता, आणि प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असल्याने, २०१४ सालच्या दृष्टीने ती सगळी प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नव्हती. सेल बदलून तारीख लावताच संकेतस्थळे उघडली.

शेवटची अडचण मराठीची होती. भावाने पूर्वी टंकलेले अर्जांचे नमुने कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होते. अशा फॉन्टमध्ये फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट नसला की समोर निरर्थक रोमन अक्षरे येतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क' चा २३२५, त्यामुळे मजकूर कोणत्याही सिस्टिमवर मराठीच राहतो. रोज लागणारे नमुने आम्ही कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणले आणि जोडाक्षरे व रफार एकेक करून तपासले. बाकीच्या फाइलींसह जुनी डिस्क, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून, दुकानाच्या कपाटात ठेवली आहे. पुढचा पीकविम्याचा हंगाम पार पडेपर्यंत ती पुसायची नाही, असे ठरले आहे.