सेशन प्रवेश धोरण (थिन क्लायंट सर्व्हर)

थिन क्लायंट सर्व्हरवर सेशन (लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंत चालू असलेले काम) कोणाला उघडता येईल, ते किती वेळ जिवंत राहील आणि आतून कशाकशाला हात लावता येईल, हे ठरवणारे नियम. या व्यवस्थेत टेबलावरचा डबा, म्हणजे थिन क्लायंट, फक्त चित्र दाखवतो आणि कीबोर्ड-माउसची हालचाल पुढे पाठवतो; प्रोग्रॅम, फाइली, मेमरी सगळे सर्व्हरवर असते. म्हणून डबा बंद केला तरी माणूस आतच असतो. धोरणाची बहुतेक कलमे या एकाच गोष्टीतून निघतात.

विंडोजमध्ये ही सोय १९९८ च्या एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर आवृत्तीपासून आहे. लिनक्सवर १९९९ मध्ये सुरू झालेल्या एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) या प्रकल्पाने ती शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये नेली. २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या एलटीएसपीत मात्र प्रोग्रॅम बहुधा क्लायंटवरच चालतात, तेव्हा इथले विवेचन त्याला जसेच्या तसे लागू नाही.

तुटलेले सेशन : पुण्यात देखभालीसाठी वीज जाण्याचा वार म्हणजे गुरुवार. पेठेतल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर्व्हर यूपीएसवर आणि वीस डबे थेट लाइनवर असतील, तर वीज जाताच पडदे काळे होतात, पण सर्व्हरवर वीसही सेशन चालूच राहतात. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असेल तर वीज आल्यावर ज्याचे त्याला परत मिळते, अर्धवट टाइप केलेल्या ओळीसकट. सगळी बॅच एकाच सामाईक लॉगिनवर बसत असेल, तर सकाळच्या मुलाचा उघडा ईमेल दुपारच्या मुलीसमोर येऊ शकतो. ‘एक माणूस, एक लॉगिन’ हा नियम पासवर्डच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा आहे तो यामुळे.

विंडोजमध्ये तीन मुदती वेगवेगळ्या लावता येतात : तुटलेल्या सेशनची, निष्क्रिय सेशनची आणि चालू सेशनची एकूण. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम एका जागेवरून लावण्याच्या सोयीत) काहीच ठरवले नाही तर सेशन मुदतीमुळे संपत नाही. तुटलेल्या सेशनला पाच मिनिटे दिली तर गुरुवारी सगळ्यांचे काम जाते. मुदतच दिली नाही तर आठवडाभरात मेमरी भरते. नेहमीच्या वीजकपातीपेक्षा जास्त आणि एका रात्रीपेक्षा कमी, हा व्यवहारी हिशेब.

दारावरचा नियम : लिनक्सवर प्रवेश पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत तपासला जातो. ‘ॲक्सेस डॉट कॉन्फ’ या फाइलीतल्या प्रत्येक ओळीत तीन खाने असतात : येऊ द्यायचे की अडवायचे (अधिक किंवा उणे), कोणाला, आणि कुठून. जी ओळ आधी जुळते तीच लागू होते. एकही जुळली नाही तर प्रवेश मिळतो, आणि नवे अ‍ॅडमिन फसतात ते इथेच. परवानगीच्या ओळी लिहिल्यावर शेवटी ‘सगळ्यांना, सगळीकडून उणे’ अशी ओळ लागतेच. शिवाय संबंधित सेवेच्या पॅम फाइलीत ही फाइल वाचणारे मोड्यूल (पॅमचा जोडभाग) जोडलेले नसेल, तर नियम कितीही नेटके लिहा, ते कोणी वाचतच नाही. बदल तपासताना रूटचे (सर्व हक्क असलेल्या खात्याचे) दुसरे टर्मिनल उघडे ठेवावे. नाहीतर स्वतःच बाहेर राहण्याची वेळ येते.

एक्सआरडीपी या लिनक्सवर दूरून डेस्कटॉप उघडू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठरावीक ग्रुपलाच प्रवेश देता येतो. पण सेटिंगमध्ये लिहिलेला ग्रुप सर्व्हरवर नसेल, आणि ग्रुपची तपासणी सक्तीची केलेली नसेल, तर सर्वांना दार उघडे राहते. ग्रुपच्या नावात एक अक्षर चुकले तरी एवढे पुरते. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप यूझर्स हा ग्रुप आणि लॉगिनचा हक्क, दोन्ही पाहावे लागतात. परवानगी आणि मनाई दोन्ही असतील तर मनाई चालते.

वेळेचे बंधन घालणारे पॅमचे मोड्यूल फक्त लॉगिनच्या क्षणी विचारते. सहाला क्लास बंद असा नियम केला, तरी पावणेसहाला आत आलेला आठपर्यंत बसू शकतो.

आतले हक्क : दूरच्या सेशनला लिनक्सची पोलकिट यंत्रणा (कोणती कृती कोणाला करू द्यायची ते ठरवणारी) समोर बसलेल्या माणसाइतके हक्क देत नाही. म्हणून एक्सआरडीपीने आत जाताच कधी कधी रंग-प्रोफाइलसाठी (पडद्याच्या रंगांच्या सेटिंगसाठी) अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी येते. वैतागून ‘सगळ्याला होकार’ असा नियम लिहिणारा त्याच फटक्यात शटडाउनलाही होकार देऊन बसतो. मग घरी निघालेला एक मुलगा सवयीने शटडाउन दाबतो आणि उरलेल्या एकोणीस जणांचे सेशन जाते. होकार त्या एका रंगाच्या कृतीपुरताच द्यावा. क्लिपबोर्ड आणि क्लायंटवरचे पेनड्राइव्ह आत जोडण्याची सोय लॅबमध्ये बंद, हिशेबनिसासाठी चालू, असा फरक ग्रुपनुसार करता येतो.

बदल कधी लागू होतो : ग्रुपमधून नाव काढले तरी चालू सेशनकडे लॉगिनच्या वेळचेच हक्क राहतात. विंडोजमध्ये तुटलेले सेशन पुन्हा जोडले तरी तेच. म्हणून नाव काढल्यावर त्या वापरकर्त्याचे सेशन सर्व्हरवरून हाताने संपवावे लागते. लिनक्सवर त्यासाठी लॉगिनसीटीएल ही आज्ञा आहे.